बेदर : चौबाऱ्यापासून करेजपर्यंत

दामाजीपंतांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला बेदरचा बादशहा लहानपणापासून ओळखीचा असतो. बेदर गाव मात्र बहुतेकांनी पाहिलेले नसते. उदगीर किंवा देगलूरकडून निघाले की सीमेपलीकडे लगेच लागणारे, कर्नाटकाच्या पार उत्तर टोकाचे हे शहर. १३४७ साली बहमनी राज्य उभे राहिले. पुढे अहमदशहाने (कारकीर्द १४२२ ते १४३६) गुलबर्ग्याहून राजधानी हलवून इथे आणली आणि १४३२ च्या सुमारास किल्ला पुरा केला. तट, वेशी, मधला मनोरा, चार मोहल्ले आणि किल्ल्याकडे जाणारा रस्ता हा जुन्या शहराचा सांगाडा आजही जागेवर आहे. शब्दांचा नाद असलेल्याने हे गाव पायीच पाहावे. इथल्या प्रत्येक जुन्या वास्तूच्या नावाचा एखादा सख्खा नातेवाईक मराठी घरात, शेतात, नाहीतर आखाड्यात नांदतो आहे.

सुरुवात गावाच्या नावापासून करू. सरकारी पाटीवर 'बीदर' आहे. जुन्या मराठीत आणि भक्तकथांत 'बेदर'. आपण ई चा ए केला, असे वरवर वाटते. पण फारसी लिपीत लिहिलेले हे नाव पाहिले तर 'बी' आणि 'बे' दोन्ही एकाच अक्षराने लिहितात. कागद इथे काही सांगत नाही, कानावर विसंबावे लागते. असा एक कान उपलब्ध आहे. त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, पाली-जुन्नरवरून मजल दरमजल करीत १४७० च्या आसपास बेदरला पोचला. त्याने आपल्या रशियन टिपणांत हे नाव एकारानेच लिहिले आहे, जवळजवळ 'बेदेर' असे. त्याला फारसी दफ्तराशी किंवा आपल्या कीर्तनकारांशी काही देणेघेणे नव्हते. बाजारात ऐकले तसे त्याने लिहिले. म्हणजे पंधराव्या शतकात दख्खनेत हा उच्चार एकारी असावा, आणि मराठीने तो राखला असे दिसते.

व्युत्पत्ती कानडीकडे नेते. कानडीत 'बिदिरु' म्हणजे बांबू, आपला वेळू. बेदर हे वेळूच्या बनाचे गाव. पुन्हा 'बि' आलाच! पण शेजारच्या तेलुगूत बांबूला 'वेदुरु' म्हणतात, तमिळात 'वेदिर'. तिथे एकार आहे. कानडीत आरंभीच्या व चा ब होतो, आणि पुढच्या अक्षरात इ-उ असले की आधीचा ए इ कडे झुकतो, हे त्या भाषेच्या अभ्यासकांनी दाखवलेले आहे. मूळ धातूचा स्वर एकारच असावा. बेदर हे रूप त्या जुन्या एकाराची खूण आहे की दख्खनी जिभेची नवी लकब, हे कोडे मात्र सुटत नाही. मला पहिल्या शक्यतेची ओढ वाटते.

लोकांना अर्थात बांबूवर समाधान नव्हते. कोणी विदुराला इथे आणून बसवले आणि गाव विदुरनगर केले. इतिहासकार फिरिश्त्याने तर दमयंतीचा बाप भीम राजा इथलाच, असे लिहून ठेवले आहे. विदर्भ आणि बेदर यांच्या ध्वनिसाम्याने हे घडवले असावे. दमयंतीचे माहेर असे सव्वाशे कोसांवरून उचलून आणणे लोकव्युत्पत्तीलाच जमते. बादशाही नावांचे नशीब याहून वाईट. अहमदशहाने शहराला महंमदाबाद म्हटले, औरंगजेबाने जफराबाद. दोन्ही नावे नाण्यांवर आणि फर्मानांत राहिली, आणि वेळूचे बन तेवढे लोकांच्या तोंडी उरले.

आता तटातून आत जाऊ. जुन्या शहराचे पाच दरवाजे सांगतात : फतेह, शाहगंज, मंगळपेठ, दुल्हन आणि तालघाट. मराठीत आपण यांना वेशी म्हणू. 'वेस' हा शब्द संस्कृत 'वेश' म्हणजे प्रवेश याच्यापासून आला असावा. 'वेशीवर', 'वेशीत' म्हणताना मूळचा श पुन्हा वर येतो, ही त्याची साक्ष. 'दरवाजा' फारसी. त्यातला 'दर' आणि आपले 'दार' ही एकाच आर्य घराण्यातली भावंडे, एक इराणात वाढले आणि एक इकडे. 'वाजा' हा 'उघडा' अशा अर्थाच्या 'बाज' या शब्दाचा जुना अवतार मानतात. दारावर दरवाजा बसवताना मराठीने नकळत त्याच लाकडाची दुसरी फळी बसवली आहे.

'शाहगंज' मधल्या 'गंज' चा प्रवास तर फार लांबचा. फारसीत गंज म्हणजे खजिना, आणि मग माल साठवायची जागा, बाजार. पण तो मुसलमानी अमलाबरोबर प्रथम आला असे समजू नये. संस्कृतात 'गञ्ज' आहे, आणि खजिनदार या अर्थाचे 'गंजवर' हे पद मथुरेच्या क्षत्रपकालीन शिलालेखात एका ब्राह्मणाच्या नावामागे लागलेले दिसते. इराणी शब्द तेव्हाच एकदा येऊन गेला होता. हजारबाराशे वर्षांनी तो दुसऱ्यांदा आला. मराठवाड्यात आणि विदर्भात स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्याला 'गंज' म्हणतात, शेतात कडब्याची 'गंजी' लागते. साठवण हा अर्थ दोन्हीकडे शाबूत आहे. लोखंडाला चढणारा गंज मात्र या घराण्यातला नसावा. तो फारसी 'जंग' ची अक्षरे उलटून झाला असावा.

तालघाट दरवाजाजवळ मी नेहमी थबकतो. इथून रस्ता पठारावरून खाली उतरतो, म्हणून हे नाव 'तळघाट' असणार असे मराठी मनाला चटकन वाटते, आणि ते बरोबर असावे. अशाच घाटांच्या वरच्या बाजूला फारसी 'बाला' (वरचा) लावून 'बालाघाट' झाला, खालच्या बाजूला 'पाईन' (खालचा) लावून 'पाईनघाट'. देशी घाटाला फारसी विशेषण जोडताना दख्खनेत कोणाला अडखळल्यासारखे झाले नाही.

शहराच्या मध्यावर, मुख्य रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे चौबारा उभा आहे. सुमारे ७१ फूट उंचीचा जाडजूड गोल मनोरा, टेहळणीसाठी बांधलेला. गोल मनोऱ्याला 'चौ' कशाला? कारण नाव इमारतीच्या आकाराचे नसून जागेचे आहे : चार वाटांची तोंडे जिथे उघडतात ते 'चतुर्द्वार'. त्याचे प्राकृतातून 'चौबार', 'चौबारा'. इथे ध्वनीच्या जाणकाराला एक मौज दिसेल. संस्कृत 'द्व' चा मराठीत सहसा द होतो : द्वार चे दार, द्वौ चे दोन. गुजरातीत ब होतो : दार म्हणजे 'बारणुं', दोन म्हणजे 'बे'. तेव्हा शुद्ध मराठी घडणीचा शब्द 'चौदार' झाला असता; 'चौबारा' उत्तरेकडून दख्खनी बोलीबरोबर आला असावा. पण मराठीही या नियमाला पुरती इमानी नाही. तिचे 'बारा', 'बावीस', 'बत्तीस' ब वरच चालतात. आणि सह्याद्रीत खिंडीला जी 'बारी' म्हणतात, कळसूबाईच्या पायथ्याचे गावच 'बारी' आहे, तीही 'द्वारिका' चीच लेक दिसते, डोंगरातले लहान दार. मराठीत द आणि ब या दोन्ही वाटा फार जुन्या काळापासून शेजारी शेजारी वाहत असाव्यात.

चौबाऱ्याचा मराठी भाऊ म्हणजे चव्हाटा. तो 'चौ' आणि 'हाट' मिळून झाला की 'चौ' आणि 'वाट' मिळून, यावर दोन मते आहेत. 'हाट' मानला तर बाजार येतो, 'वाट' मानली तर रस्ते. व्ह मधला हकार 'हाट' कडे बोट दाखवतो, अर्थ 'वाटे' कडे. गोष्ट चव्हाट्यावर आणणे म्हणजे ती जिथून चारी दिशांना पसरेल तिथे नेऊन ठेवणे. बेदरच्या चौबाऱ्याखाली घटकाभर उभे राहिले की या वाक्प्रचाराचा भूगोल डोळ्यांसमोर येतो.

चौबाऱ्याभोवती शहराचे चार भाग पडतात आणि त्यांची नावे तालमींवरून आहेत : नूरखान तालीम, सिद्दी तालीम, मनियार तालीम, पनसाल तालीम. मोहल्ल्याला तालमीचे नाव! पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही, कारण त्याच्याकडे अजून गल्ली तालमीवरून ओळखली जाते. 'तालीम' मुळात अरबी, 'इल्म' म्हणजे ज्ञान या धातूतून निघालेली. अरबस्तानात, इराणात आणि उत्तर हिंदुस्थानात तिचा अर्थ विद्या, शिक्षण. दख्खनेत ती अंगाला माती लावून आखाड्यात उतरली. बेदरच्या या तालमींत पोरे कुस्ती आणि शस्त्रे शिकत. मराठीने शब्द उचलला तो हा दख्खनी अर्थ घेऊन. पुस्तकी तालीम आपल्याकडे जवळजवळ आलीच नाही. पुढे नाटकवाल्यांनी हा शब्द आखाड्यातूनच रंगमंचावर नेला असावा, कारण नाटकाच्या तालमीतही भर आहे तो पाठापेक्षा घोटून घेण्यावर. त्याच धातूचे 'मालूम' पेशवाईतल्या पत्रांत पानोपानी भेटते. 'मुअल्लिम' म्हणजे शिक्षक समुद्रावर जाऊन कच्छी-गुजराती खलाशांचा 'मालम', म्हणजे जहाजाला दिशा दाखवणारा झाला. 'तालेवार' मात्र या कुटुंबात ओढू नये. तो 'ताले' म्हणजे उगवता ग्रह, नशीब यावरून आला आहे.

या तालमींच्या दोन नावांवर क्षणभर रेंगाळू. मनियार म्हणजे 'मणिकार', मणी आणि बांगड्या विकणारा. आपल्याकडे मण्यार, मणेर, मणियार ही त्याची रूपे आडनावांत आहेत. मण्यार साप अंगावरच्या ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या माळेमुळे त्यांच्या पंगतीत आला असावा. आणि पनसाल? मला हा 'पानीयशाला' दिसतो, वाटसरूला पाणी मिळण्याची जागा. मराठीने हीच सोय दुसऱ्या शब्दाने सांगितली, पाणपोई. तिच्यातली 'पोई' म्हणजे संस्कृत 'प्रपा'. प्रपेचाच अर्थ पाणी पाजण्याची जागा, त्यामुळे पाणपोईत पाणी दोनदा येते. उन्हाळ्यात ते कोणाला खटकणार नाही.

चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे निघाले की वाटेत महमूद गावानचा मदरसा लागतो. इराणातल्या गिलान प्रांतातून आलेला हा वजीर. १४८१ मध्ये त्याच्यावर खोटा आळ घेऊन त्याला मारण्यात आले आणि त्यानंतर बहमनी राज्य सावरले नाही. 'मदरसा' अरबी 'दर्स' म्हणजे पाठ यावरून. यहुद्यांच्या हिब्रूतले 'मिद्राश' त्याचे चुलत भावंड. मदरसा आणि तालीम, दोन्हींचा मूळ अर्थ शिकणे आणि दोन्ही एकाच रस्त्यावर. एकात पोथ्या, दुसरीत दंडबैठका. १६९६ साली दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग उडाला, तरी उरलेला मिनार आणि भिंतीवरची रंगीत कौले पाहून त्याचा मूळचा थाट कळतो.

या मदरशाचे बांधकामवर्ष एका कवीने कुराणातल्या तीन शब्दांच्या प्रार्थनेत दडवून ठेवले. अरबी अक्षरांना ठरलेल्या किमती असतात. त्या मांडून बेरीज केली की ८७६ येते, हिजरी सन, म्हणजे १४७१-७२. मी ती बेरीज करून पाहिली आहे, बरोबर जमते. आपल्याकडे 'नेत्र' म्हणजे दोन आणि 'वेद' म्हणजे चार धरून शके लिहीत, किंवा कटपयादी पद्धतीने आकडे शब्दांत गुंफत, त्याच बुद्धीचा हा खेळ. या अक्षरगणनेला फारसीत 'तारीख काढणे' म्हणतात. अरबीत 'तारीख' म्हणजे इतिहासही आणि काळाची नोंदही. मराठीने नोंद तेवढी घेतली, तीही भिंतीवरच्या कॅलेंडरापुरती. इतिहासासाठी त्याच शब्दाचे अनेकवचन 'तवारीख' घेतले आणि ते आता जुन्या पुस्तकांतच भेटते.

किल्ल्याच्या तोंडाशी शर्जा दरवाजा आहे. कमानीच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले दोन वाघ-सिंह आहेत आणि दरवाजाचे नाव त्यांच्यावरून पडले. फारसीत 'शर्जा' म्हणजे खवळलेला, उग्र; हे विशेषण विशेषतः सिंहाला लागते. दख्खनेत विशेषणाने विशेष्याला गिळले आणि शर्जा म्हणजेच सिंह झाला. विजापुरात मुलूखमैदान तोफ ज्यावर आहे तो बुरूजही शर्जाच. 'शर्जाखान' हा आदिलशाही सरदारांचा किताब. आणि मराठीत? बाजी सर्जेराव जेधे, सर्जेराव घाटगे. कवी भूषण शिवाजी महाराजांना 'सरजा' म्हणतो. पोळ्याला शिंगे रंगवून उभी राहिलेली सर्जा-राजाची जोडी तर प्रत्येक गावात आहे. इराणी कवींच्या जंगलातला सिंह आमच्या गोठ्यात बैल होऊन बांधला गेला, आणि त्याचा मान जराही कमी झाला नाही.

व्युत्पत्ती इतकी सरळ असती तर लिहिण्यात मजा नव्हती. काहींच्या मते सर्जा म्हणजे 'सरजाह', श्रेष्ठ पदवीचा. त्यांच्या बाजूने एक ध्वनीचा मुद्दा आहे : मराठी फारसीतला स पुष्कळदा श करते (सिक्क्याचा शिक्का, सिपाह्याचा शिपाई, सियाहीची शाई), पण श चा स सहसा करीत नाही. मग शर्जाचा सर्जा का व्हावा? माझा कौल तरीही सिंहालाच. सरदार, सरकार, सरनोबत, सरलष्कर अशी 'सर' ने सुरू होणारी मोठी माणसे भोवती उभी असताना 'शर्जा' ने त्यांच्या रांगेत बसण्यासाठी स घेतला असावा. बैलाला कोणी 'श्रेष्ठ पदवीधर' म्हणून हाक मारली असेल हे पटत नाही. सिंहाचे नाव बैलाला देणे पटते.

दरवाजापुढे खंदक. बेदरचा खंदक काही भागात तिहेरी आहे : जमिनीतच खोदलेला, मध्ये दगडाच्या दोन भिंती तशाच सोडलेला. हे पठार जांभ्याचे. कोकणातल्या माणसाला इतक्या आत, घाटमाथ्यापासून इतक्या दूर जांभा पाहून आपले कोणी भेटल्यासारखे होईल. पिकल्या जांभळाच्या रंगावरून पडलेले नाव इथेही शोभते. 'खंदक' आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला, पण अरबीत तो मुळात इराणातूनच गेला होता. जुन्या इराणी भाषेत 'कंदग' म्हणजे खोदलेले. इ. स. ६२७ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणण्याची युक्ती सलमान नावाच्या इराणी सोबत्याने सुचवली अशी परंपरा आहे. युक्ती इराणी, शब्दही इराणी. आणि त्या इराणी धातूचे आपल्या 'खन्' शी नाते मानतात. तेव्हा खणणे, खाण, खंदक या एकाच मुळाच्या फुटलेल्या फांद्या. तिसरी फांदी अरबस्तानला वळसा घालून परत आली.

वरचे बुरूज पाहताना एक शंका येते. अरबीत 'बुर्ज' एकवचन आणि 'बुरूज' अनेकवचन. मग मराठीने अनेकवचन उचलले काय? तसे नसावे. हुक्मचा हुकूम, जुल्मचा जुलूम, मुल्कचा मुलूख झाला. त्याच चालीवर बुर्जचा बुरूज. जोडाक्षर शब्दाच्या शेवटी आले की मराठी त्यात आधीच्याच स्वराचा पडसाद भरून ते सैल करते. अरबीत तरी हा बुर्ज कुठून आला, तर ग्रीक 'पुर्गोस' कडे बोट दाखवतात, आणि युरोपातल्या शहरांच्या नावांशेवटी लागणारा 'बर्ग'ही दूरचा सोयरा असावा.

पुढचा गुंबद दरवाजा आपल्याला 'घुमट' आठवून देतो. फारसी गुंबदमधून घुमट व्हायला ग चा घ आणि द चा ट, दोन्ही आडमुठे बदल व्हावे लागतात. 'घुमणे' या देशी ध्वन्यनुकारी क्रियापदाने हात दिला असावा. विजापूरच्या गोल घुमटात हाक मारणाऱ्याला ते सिद्ध करून दाखवावे लागत नाही. गोव्यातले मातीचे 'घुमट' वाद्य त्याच घुमण्याचे.

आत महालांची नावे भराभर येतात : रंगीन महाल, गगन महाल, तख्त महाल. तरकश महालाजवळ लोककथा भेटते : तुर्की बेगमेसाठी बांधला म्हणून हे नाव. तरकश म्हणजे बाणांचा भाता. तुर्क आणि तरकश यांची गल्लत कोणी केली, आधी कथा की आधी नाव, हे उलगडत नाही. सोळाखांबी मशीद मात्र स्वच्छ बोलते. १४२३-२४ ची, म्हणजे राजधानी येण्याच्या उंबरठ्यावरची ही वास्तू, आणि तिचे लोकांतले नाव पुरते देशी. 'खांब' वैदिक 'स्कंभ' चा वारस, आणि त्याचा जुळा 'स्तंभ' मराठीत क्रियापद होऊन राहिला : थांबणे. खांबापाशीच माणूस थांबतो.

किल्ल्यातल्या जुन्या मातीचे एक काम अजून चालू आहे. बिदरी कामाचे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी किल्ल्याची माती व नवसागर यांच्या पाण्याने भांडे काळे करतात. धातू काळवंडतो, चांदी लखलखीत राहते. गावाचे नाव वस्तूला लागले आणि 'बिदरी' हे सामान्यनाम झाले, पैठणचे पैठणी झाले तसे. पण माझे लक्ष 'नवसागर' वर जाते. नऊ सागर इथे कुठले? फारसी 'नौशादर' मराठी कानाला अनोळखी वाटला, म्हणून त्याने त्यात दोन ओळखीचे शब्द ऐकले. संस्कृत वैद्यकाने त्याचा 'नवसार', 'नरसार' केला. एका क्षाराला प्रत्येक भाषेने आपापले अंगरखे शिवले.

दामाजीपंतांची हकीकत याच दरबारातली. दुष्काळात मंगळवेढ्याचे सरकारी अंबार लोकांसाठी उघडले, बादशहाचे बोलावणे आले, आणि त्यांच्या आधी विठू महार होऊन पांडुरंग बेदरला पोचला, धान्याची किंमत भरून रसीद घेऊन गेला. निकितिन सांगतो की सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे होते आणि प्रत्येकावर पहारेकऱ्यांबरोबर लेखनिक बसत, आत-बाहेर जाणाऱ्यांची नोंद करीत. भक्तकथेतला कागदोपत्री तपशील असा खऱ्या दरबाराच्या रीतीला धरून आहे. आता 'रसीद' पाहा. फारसी 'रसीदन' म्हणजे पोचणे. 'रसीद' म्हणजे 'पोचले'. पैसे घेणाऱ्याने कागदावर तेवढाच शब्द लिहायचा. मराठीत आपण म्हणतो 'पावती', आणि पावणे म्हणजेही पोचणे, संस्कृत 'प्राप्' वरून. जुन्या पत्रांत 'पत्र पावले' लिहीत. दोन भाषांनी एका कागदाला एकाच कल्पनेने नाव दिले. एकीने दुसरीचे भाषांतर केले असेल, किंवा दोघींना ते स्वतंत्रपणे सुचले असेल. शेजार पाहता पहिलेच अधिक संभवते. मराठीत या क्रियापदाला आणखी एक अर्थ आहे, देव पावणे. कीर्तनकाराच्या तोंडी 'पावती' आली की श्रोत्यांच्या कानात तोही वाजत असणार.

इतके फिरल्यावर एक मत ठामपणे मांडतो. मराठीतल्या फारसी-अरबी शब्दांकडे आपण दिल्लीच्या मोगलांची देणगी म्हणून पाहतो, ते बरोबर नाही. औरंगजेबाने बेदर घेतले १६५७ साली. त्याआधी तीनशे वर्षे बहमनी आणि त्यांच्या वारस शाह्यांत देशपांडे, कुलकर्णी, शिलेदार, कारागीर हे शब्द रोज वापरत होते आणि त्यांना आपले अर्थ देत होते. तालीम आखाड्यात गेली, शर्जा गोठ्यात आला, हे दिल्लीत घडले नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' झाला आणि दरबारी फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय मिळाले. कारभारासाठी ते योग्यच होते. पण आखाडा, गोठा, स्वयंपाकघर यांतले शब्द कोणी हलवले नाहीत, कारण ते तोवर मराठीच झाले होते. माधव जूलियनांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' चाळताना अर्थांचे हे दख्खनी वळण मनात ठेवावे. मग एकेक नोंद जिवंत होते.

शेवटचा मुक्काम शहराबाहेर, नौबादला. 'नौ-आबाद', नवी वसाहत. इथे जमिनीखालून खोदलेला बोगद्यासारखा जलमार्ग आहे, ओळीने वर उघडणाऱ्या विहिरींसारख्या विवरांसह. पाझरलेले पाणी उताराने, मोटेशिवाय, आपोआप गावाकडे येते. ही इराणी विद्या बहमनी काळात बेदरला आली. पुढे औरंगाबादला मलिक अंबरची नहर आणि बऱ्हाणपूरचे भंडारे त्याच जातीचे. इराणीत याला म्हणतात 'कारेज'. इथे 'करेज' म्हणतात.

आणि आपले 'कारंजे'? ते फारसी कारेजपासूनच आले असावे असे मला दिसते. नळाने आणलेले पाणी शेवटी हौदात उसळते ते कारंजे. वाहिनीचे नाव तिच्या तोंडाला लागणे स्वाभाविक आहे. अडचण मधल्या अनुस्वाराची. तो करंजाच्या झाडाच्या ओळखीने शिरला असावा. पण मग बेदर जिल्ह्यातून वाहणारी, मांजरेला मिळणारी कारंजा नदी? वाशीमकडचे कारंजा? ही नावे झाडाकडूनच आली असावीत. त्यांना जलवाहिनीशी जोडण्याचा मोह आवरावा. हा दुवा पक्का करायला अनुस्वार नसलेले एखादे मधले रूप हवे आहे : कारेज, कारेजे, कारीज, काहीही. भालकी, बसवकल्याण, उदगीर, देगलूर भागातल्या वाचकांना विनंती आहे की घरातल्या वृद्धांना विचारावे, किंवा जुन्या मोडी कागदांत पाण्याच्या पाटाला, हौदाच्या नळाला असा शब्द आढळतो का ते पाहावे. आढळला तर तो मूळ वाक्यासह आणि गावाच्या नावासह टिपून ठेवावा.